पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. ती इंग्रजीत, त्यात गणपतीआधी भिंतीला चुना लावताना तिच्यावरही हात फिरतो. त्यामुळे वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती कामी आली, एवढंच तिच्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. अशा पाट्या कोकणात आणि साताऱ्याकडे बऱ्याच गावांत आहेत.

तिकडे रणांगणावरही हाच न्याय झाला. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या. इराकमधल्याच कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात जवळपास पाच महिने उपाशी अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या फौजेत १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण होती, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? या भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, २०२१ साली माफी मागितली.

मागितली, बरं झालं. पण पुष्कळशी नावं कागदोपत्री शिल्लक आहेत, हे सांगायला मी पत्र लिहितोय. या कमिशनची मृतांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. स्पेलिंगं गोऱ्या साहेबाच्या कानाने लिहिलेली, आणि रायगडवाल्यांनी ‘कुलाबा’ म्हणून शोधावं. पण वाडीतल्या जुन्या माणसांपुढे आडनाव वाचलं की ती घर सांगतात.

२०२३ साली गावोगाव वीरांच्या नावांचे शिलाफलक लागले, तेव्हा आमच्याकडे मी हा विषय काढला होता. ‘ते इंग्रजांचे नोकर, त्यांचं काय कोरायचं?’ असं उत्तर मिळालं. होते नोकर. पहिल्या युद्धात शिपायाला महिना अकरा रुपये मिळत आणि वरकस जमिनीत नाचणी पिकवणाऱ्या घराला ते मोठे होते. भरतीला तेव्हा लोकमान्यांनीही सरसकट विरोध केला नव्हता, अटी घातल्या होत्या. आणि नावं कोरायचीच तर १९१७ साली उभ्या राहिलेल्या आणि युद्धानंतर लगेच मोडीत काढलेल्या १११ व्या महार पलटणीची विसरू नयेत. पाटीवरच्या आकड्याला जात नव्हती, यादीलाही नको.

दुसऱ्या युद्धातले माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. सगळे साथीदार पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. २०२३ मध्ये माँतोने या इटालियन गावात त्यांचं स्मारक झालं.

राहिले जिवंत परतलेले. ते कमिशनच्या यादीत नाहीत, कारण ती मेलेल्यांची. माझे चुलत आजोबा इटलीहून परतले. नोकरी पाचच वर्षांची भरल्यामुळे पेन्शन नाही. गाव त्यांना ‘मिलिटरी आबा’ म्हणायचं, पण ते लढाईबद्दल काही बोलत नसत. तिकडच्या चिखलाला मात्र मरेपर्यंत शिव्या देत. अशा माणसांची डिस्चार्ज बुकं, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेली नोंदपुस्तकं, अजून घराघरांत असतील. ग्रामपंचायतींनी ती मागवून फोटो काढून ठेवावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ते तालुकावार एकत्र करावेत, एवढीच मागणी आहे.

आबांचं बुक आमच्या ट्रंकेत आहे. दोन पानं वाळवीने खाल्ली. उरलेलं घेऊन मी येत्या ग्रामसभेला जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी