विम्याच्या खिडकीतल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं आणि विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तुम्हाला कुणी काही बोलायला नको. विम्याच्या कागदांची खिडकी, जेवणाच्या सुट्टीआधीची गर्दी, आणि लिथियमच्या गोळ्यांनी हात थरथरणारा माझा धाकटा भाऊ. एवढ्यावरून कदाचित आठवेल. नाही आठवलं तरी चालेल, तुमच्यासाठी ती रोजचीच दुपार असणार.

हे सगळं भावाला विचारूनच लिहितेय. त्याला बायपोलर आहे. पहिल्यांदा ॲडमिट केलं तेव्हा विमा कंपनीने एका ओळीत क्लेम नाकारला: मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही. आमचा हप्ता मात्र इतकी वर्षं व्यवस्थित बसत होता. फोनवरच्या माणसाला कारण विचारलं तर त्याने तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. आमचे एजंटकाका म्हणजे घरातलेच. ते आवाज उतरवून म्हणाले, "अगं, डॉक्टरांकडून ताप, अशक्तपणा असं काहीतरी लिहून घ्यायचं. खरं कशाला लिहिलंत?" काका मनाने वाईट नाहीत. पण आजाराचं खरं नाव लिहिलं हीच आमची चूक झाली, हे मला अजून पचलेलं नाही. आईने तर त्या दिवसापासून ती फाइल कपाटात साड्यांच्या खाली सरकवली.

म्हणून दुसऱ्या वेळी मी क्लेमच्या भानगडीत पडणारच नव्हते. बिलाची प्रत हवी होती तेवढीच. तुम्ही फाइल चाळताना ते जुनं पत्र बाहेर आलं. ते वाचलंत आणि म्हणालात, "हे असं लिहिता येत नाही त्यांना." पावतीच्या मागे लिहून दिलंत: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २१(४).

घरी येऊन वाचलं. ज्या आधारावर शारीरिक आजाराला विमा, त्याच आधारावर मानसिक आजारालाही द्यायचा. इतकं साधं वाक्य आहे. २९ मे २०१८ पासून लागू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलंही. मग २०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महिलेच्या बाजूने निकाल दिला, कारण तिच्या कंपनीनेही आमच्यासारखंच उत्तर दिलं होतं. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नियामकाला पुन्हा सांगावं लागलं की महिनाअखेरपर्यंत सगळ्या पॉलिसी कायद्याप्रमाणे करा. चार वर्षं! आमचं नकाराचं पत्र तर त्याच्याही नंतरचं आहे. म्हणजे ज्याने ते लिहिलं त्याला नियम माहीत नव्हता, किंवा आम्हाला माहीत नसणार हे त्याला माहीत होतं. दुसरं जास्त खरं वाटतं.

पण ताई, कलमासाठी हे पत्र नाही. ते कुणीतरी कधीतरी सांगितलं असतं.

फॉर्मवर सही हवी होती. आजवर प्रत्येक टेबलावर कागद माझ्याकडे सरकवले गेले. "पेशंटला काही समजतंय का?" हे त्याच्यासमोर, मला विचारलं गेलं. तुम्ही फॉर्म फिरवून त्याच्यासमोर ठेवलात, स्वतःचं पेन दिलंत आणि म्हणालात, "सवडीने करा." त्याचा हात थरथरायला लागला. कागद सरकू नये म्हणून तुम्ही दोन बोटांनी त्याचा कोपरा दाबून धरलात. मागून कुणीतरी "चला, चला" केलं, तर मान वर न करता म्हणालात, "थांबा जरा, सही चाललीय." जणू रांगेत रोज कुणी ना कुणी अशी सावकाश सही करतच असतं.

त्याच कायद्यात आहे की आजार मानसिक आहे एवढ्यावरून माणसाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं धरून चालायचं नाही. तुम्ही काही ते आठवून पेन पुढे केलं नसणार. काही माणसांना ते आतूनच कळतं. बऱ्याच मोठ्या डिग्र्यांच्या माणसांना कळत नाही, हेही या दोन वर्षांत पाहिलं. एका दवाखान्यात त्याच्या पोटदुखीची तक्रार आधीची औषधं ऐकल्यावर कुणी तपासलीसुद्धा नव्हती.

पुढे तक्रारी, स्मरणपत्रं, विमा लोकपालांकडे अर्ज हे सगळं झालं, ते लिहीत बसत नाही. दोन्ही क्लेम मंजूर झाले. पत्र त्याच्या नावाने आलं. एरवी त्याची सगळी पत्रं मीच फोडते. या वेळी तसंच टेबलावर ठेवलं. संध्याकाळी कामावरून येऊन त्याने वाचलं, परत पाकिटात घातलं आणि विचारलं, "त्या ताईंना कळवलंस का?"

तर कळवतेय. खाली त्यालाही सही करायची आहे. थोडा वेळ लागेल.