व्हीआर उपचारखोलीतल्या तंत्रज्ञांना, जाहीर आभार

सप्रेम नमस्कार,

सैनिकांच्या पीटीएसडीवर (भयंकर प्रसंगानंतर मनात राहणाऱ्या आघातावर) व्हीआर उपचार झाले, म्हणजे हेडसेटमधून युद्धाचं आभासी दृश्य दाखवत त्यांना तो प्रसंग पुन्हा सांगायला लावला, की श्रेय आम्हा उपचारकांना मिळतं, नाहीतर यंत्राला. तुमचं नाव केसपेपरवरही नसतं.

पहिले आभार मळमळीसाठी. हसू नका. मान वळवल्यावर चित्र क्षणभर मागे रेंगाळलं की माणसाला घाम फुटतो, चेहरा उतरतो, छातीत धडधडतं. भीतीचंही असंच दिसतं. ० ते १०० मध्ये त्रास किती, असं आम्ही दर पाच मिनिटांनी विचारतो. उत्तर ८० आलं की आम्हाला वाटतं आठवण जागी झाली, आणि प्रत्यक्षात नुसतं गरगरत असतं. तुम्ही दर सेकंदाला ९० चित्रांचा वेग टिकतोय का ते आधी तपासता आणि हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतरानुसार लावता (सरासरी ६३ मिलिमीटर, पण सरासरीवर सोडून चालत नाही). त्यामुळेच त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

दुसरे आभार वासासाठी. अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानच्या सैनिकांसाठी झालेल्या ‘ब्रेव्हमाइंड’सारख्या प्रणालींत डिझेल, जळकं रबर, बारूद असे वास सोडायची सोय असते. आवाज बटणासरशी थांबतो, वास थांबत नाही. प्रसंग सरून माणूस शांत व्हायला लागला तरी डिझेल खोलीत असतंच, आणि पुढचा रुग्ण न सांगता त्यात पाऊल टाकतो. म्हणून वास काही सेकंदच सोडायचा, पंखा सुरू ठेवायचा, दोन सत्रांमध्ये खोली मोकळी ठेवायची, हा तुमचा हट्ट. वेळापत्रकावरून आम्ही कुरकुरतो खरे, पण तो हट्ट सोडू नका.

रुग्णाच्या पायाखालच्या फळीला हादरे देणाऱ्या कंपनयंत्रांचंही तसंच. स्फोटाचा हादरा पायाला जाणवायला हवा, पण रुग्णाच्या हेडफोनमध्ये आमचा आवाज बुडता कामा नये. तो ऐकू आला नाही तर माणूस त्या रस्त्यावर एकटा पडतो. आणि केबल! ती मागून खांद्याला घासली तरी सैनिक दचकून उठतो. ती वरून टांगायची, आणि बोलल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, हे नव्या उपचारकांना बहुतेकदा तुम्हीच शिकवता.

सहसा पहिली सत्रं माहिती, श्वसन आणि पूर्वेतिहासात जातात, हेडसेट त्यानंतर. इंजिन बंद असलेली उभी गाडी, रिकामा रस्ता, एवढंच आधी. रुग्ण डोळे उघडे ठेवून, ‘मी’ म्हणत, वर्तमानकाळात प्रसंग सांगतो, आणि तो सांगेल तेवढंच आम्ही कन्सोलवरून (आमच्यापुढच्या नियंत्रण-पडद्यावरून) दृश्यात आणतो: डावीकडे धूर, रेडिओ, अंधार. त्याच्या आधी स्फोट वाजवला की तो आमचा स्फोट होतो, त्याच्या आठवणीतला नाही. म्हणून स्फोटाची बटणं पडद्यावर बाजूला, वेगळ्या रंगात ठेवणाऱ्याचे विशेष आभार.

सगळ्यात वाईट म्हणजे भीती टोकाला असताना यंत्र बंद पडणं. नेमक्या त्या क्षणी सुटका झाली की ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच मन शिकतं, आणि टाळाटाळ तर आजाराचाच भाग. अशा वेळी तुम्ही मुकाट मागे सरता; आम्ही रुग्णाला डोळे मिटून तिथूनच पुढे सांगायला लावतो. त्रासाचा आकडा उतरू लागल्यावरच सांगणं थांबवायचं, मग त्यावर बोलायचं.

दृश्य हुबेहूब नसल्याची खंत तुम्हाला असते. ती सोडा. १९९७ मध्ये अटलांटात सुरू झालेल्या ‘व्हर्च्युअल व्हिएतनाम’मध्ये दोनच दृश्यं होती, ह्यूई हेलिकॉप्टर आणि जंगलातलं मोकळं मैदान, तेवढ्यावरही माजी सैनिकांच्या आठवणी जाग्या झाल्या. मात्र गाडीचा प्रकार चुकला तर माणूस लगेच बाहेर येतो, तेवढं सांभाळा.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सेवेतल्या १६२ अमेरिकी सैनिकांवरच्या चाचणीत व्हीआर आणि डोळे मिटून केलेला एक्स्पोजर उपचार (भीतीची आठवण टाळण्याऐवजी तिला सामोरं जाणं, तेही हेडसेटशिवाय), दोन्हींचा उपयोग झाला. पण तीन आणि सहा महिन्यांनंतर डोळे मिटून केलेला उपचारच सरस ठरला. त्यामुळे व्हीआर प्रत्येकाला लावायचं नाही. ज्याला प्रसंग डोळ्यांपुढे आणताच येत नाही, त्याच्यासाठी ते जवळ असावं. तो येण्याआधी तुम्ही खोली तयार ठेवता, त्याबद्दल पुन्हा आभार.

आपले,
एक्स्पोजर उपचार करणारे सहकारी