दिवेलागणीला आपोआप उजळणारी माळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तीन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या एलईडीच्या माळेला प्रकाशाचा सेन्सर कसा जोडायचा, असे तू विचारले होतेस. फोनवर सांगताना निम्मे राहून गेले असते, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट तपासून घे. माळ चालू असताना एक सेल काढून पुन्हा बसव. ती आपणहून पेटली तर काम सोपे आहे. बटण दाबल्याशिवाय पेटत नसेल तर तिच्या डबीत स्वतःची चिप आहे आणि नुसता पुरवठा तोडून-जोडून ती आपले ऐकणार नाही.

जोडणीला तीनच वस्तू लागतात: लॉजिक-लेव्हल मॉसफेट (कमी व्होल्टेजवरही उघडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच; त्याला गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय असतात आणि गेटवर व्होल्टेज आले की ड्रेन-सोर्समधली वाट उघडते), २२० किलोओहमचा रेझिस्टर आणि एलडीआर, म्हणजे उजेडात ज्याचा रोध उतरतो तो प्रकाशाचा सेन्सर. माळेची ऋण तार तोडून मध्ये मॉसफेट बसवायचा, ड्रेन माळेकडे आणि सोर्स सेलच्या ऋण टोकाकडे. धन टोकापासून गेटपर्यंत रेझिस्टर आणि गेटपासून सोर्सपर्यंत एलडीआर. दिवसा एलडीआरचा रोध इतका उतरतो की गेटवर जवळजवळ काहीच व्होल्टेज उरत नाही. अंधार पडू लागला की तोच रोध वाढत जातो, गेटवरचे व्होल्टेज चढते आणि माळ हळूहळू उजळते. ती खटकन पेटत नाही, पण मला तरी तेच आवडते. ‘लॉजिक-लेव्हल’ हा शब्द मात्र विसरू नकोस. मी पहिल्यांदा हाताशी होता म्हणून आयआरएफ ५४० हा साधा मॉसफेट लावला आणि आपलेच सोल्डरिंग कच्चे असावे असे समजून तासभर डाग काढत-लावत बसलो. तो पूर्ण उघडायला गेटवर सुमारे १० व्होल्ट लागतात आणि आपले तीन ताजे सेल मिळून जेमतेम साडेचार देतात. एओ ३४०० सारखा मॉसफेट दीड व्होल्टच्या आतच उघडू लागतो.

रेझिस्टर २२० चाच का, हे सांगायला हवे, कारण खरी मेख तिथेच आहे. दिवसभर माळ बंद असली तरी रेझिस्टर आणि एलडीआर यांतून प्रवाह वाहतच असतो. १० किलोओहम लावलास तर तो ४५० मायक्रोअँपिअर होतो, म्हणजे दिवस आहे एवढे ओळखण्यातच वर्षभरात सेलचा जवळजवळ एक संच जातो. २२० ला तो २० मायक्रोअँपिअरवर येतो. मग सरळ १ मेगाओहम का नको? कारण तेव्हा मिट्ट काळोख झाल्याशिवाय माळ पेटतच नाही.

आता माझी फजिती ऐक. सगळे जुळवून मी एलडीआर सेलच्या डबीवरच चिकटवला होता आणि माळेचा पहिला दिवा त्याच्यापासून बोटभर अंतरावर होता. संध्याकाळी माळ पेटे, स्वतःच्याच उजेडाला दिवस समजून विझे, विझताच पुन्हा पेटे, आणि हे इतक्या झपाट्याने चाले की नुसती फडफड दिसे. शेवटी एलडीआरवर काळी हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी चढवली, तिचे तोंड बोटाच्या पेराएवढे पुढे ठेवून आकाशाकडे वळवले, तेव्हा कुठे ती शांत झाली.

सेन्सर लावला म्हणजे सेल महिनोन्‌महिने टिकतील, अशी आशा मात्र धरू नकोस. माझी माळ ६० मिलिअँपिअर घेत होती. २४०० मिलिअँपिअर-तासांचे सेल त्या हिशेबाने ४० तास चालतात, आणि बारा-बारा तासांच्या रात्री धरल्या तर चौथ्या रात्री मधेच संपतात. म्हणून माळेला एक छोटा रेझिस्टर जोडून प्रवाह २० मिलिअँपिअरवर आणला. उजेड एक तृतीयांश झाल्यासारखा डोळ्याला अजिबात वाटत नाही, आणि रात्री मात्र तिप्पट मिळतात. तुझ्या माळेसाठी तो किती ओहमचा हवा ते मल्टिमीटर लावून, १० ओहमपासून चढत जाऊन ठरव.

सेल उतरू लागले की गेटला पुरेसे व्होल्टेज मिळायला अधिक अंधार लागतो, त्यामुळे माळ रोज थोडी उशिरा पेटते. दिवेलागण उलटून बराच वेळ गेला तरी ती रेंगाळू लागली, की नवे सेल काढून ठेव.

तुझा,
मिलिंद