बातमीतून मालिकेकडे

वर्धा

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

दैनिकातली नोकरी सोडून तू मालिका लिहायला घेते आहेस, हे बाबांनी सांगितलं. बातमीदारीत शिकलेलं सगळं आता वाया जाणार, अशी धास्ती तुझ्या मनात आहे म्हणे. मला तसं मुळीच वाटत नाही. हिंदी शिकवताना ज्यांचं लेखन मी मनापासून वाचलं, त्या मनोहर श्याम जोशींचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे.

आकाशवाणी, मुंबईत फिल्म्स डिव्हिजन, मग दिल्लीला हिंदी कवी-संपादक अज्ञेयांसोबत ‘दिनमान’ साप्ताहिक, पुढे ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चं संपादकपद. दूरदर्शनवर 7 जुलै 1984 ला त्यांनी लिहिलेली ‘हम लोग’ मालिका सुरू झाली, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. तिच्या मागे आपल्या वर्ध्याचे खासदार वसंत साठे होते, हे तुला माहीत नसेल. माहिती व नभोवाणी मंत्री असताना ते मेक्सिकोला गेले. तिथे करमणुकीच्या मालिकांमधून कुटुंबनियोजनासारखे विषय घरोघरी पोचत. तसंच इथे करायचं ठरलं.

पण सुरुवातीला उपदेशच फार झाला. लोकांना तो रुचला नाही. पहिल्या तेरा भागांनंतर उपदेशाला कात्री लागली आणि बसेसर राम, भागवंती, बडकी, लल्लू यांच्या घरातली ओढाताण पुढे आली. मग मात्र प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडला. लोकांना नको ते इतक्या लवकर ओळखून लेखन वळवायचं, हे मला तरी संपादकाच्या टेबलावरच मुरलेलं कसब वाटतं. दर आठवड्याला अंक काढणाऱ्याला पुढचा भाग वेळेवर देण्याचं काय भय असणार? वेळ गाठायची सवय तर तुलाही आहे, आणि माणसांचं बोलणं जसंच्या तसं टिपणारा कानही.

‘बुनियाद’ 1986 ची. फाळणीत उखडलेल्या हवेलीराम आणि लाजोच्या कुटुंबाची ती गोष्ट आजही मला आतून हलवते. नंतर ‘कक्काजी कहिन’मध्ये याच लेखकाने राजकारण्यांची सालपटं काढली. बातमीदार म्हणून सत्तेच्या इतक्या जवळ वावरल्याशिवाय तसं लिहिता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र जप. मालिका लिहूनही त्यांनी कादंबरी सोडली नाही. ‘क्याप’ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चॅनेलवाले तुझा सगळा दिवस मागतील. रोजचा एक तास स्वतःच्या लेखनासाठी ठेव आणि तो कुणाला देऊ नकोस. कराराचा कागद सही करण्याआधी वकील काकांना दाखव, मानधन कधी मिळणार ते त्यात लिहून घे.

पहिल्या भागाचे संवाद झाले की पाठव. मी मोठ्याने वाचून बघीन, आणि कुठे अडखळले ते लगेच कळवीन.

तुझी,
आई