विमानांच्या कार्बनचा हिशेब वेगळा मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन भरपाईची ‘कोर्सिया’ योजना २०२७ पासून भारतीय विमान कंपन्यांनाही लागू होत आहे. ठरलेल्या मर्यादेवर जो कार्बन जाईल, त्यापोटी क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे तेवढा कार्बन रोखल्याचे प्रमाणपत्र, विकत घ्यायचे. पण क्रेडिट कशाचे, हे कोणी विचारत नाही. योजनेच्या २०२४-२६ या पहिल्या टप्प्यासाठी २०२४ मध्ये पहिली क्रेडिट मिळाली ती दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलांची. जंगल राखणाऱ्या देशाला पैसे मिळावेत, याबद्दल दुमत नाही. मात्र तिथले झाड तोडले नाही म्हणून मुंबईहून लंडनला गेलेल्या विमानाने सोडलेला कार्बन हवेतून कमी होत नाही. तो कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. भरपाई म्हणायची, तर तेवढा पुन्हा खाली गेला पाहिजे.

आइसलंडमध्ये हे घडते आहे. हवेतून शोषलेला कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडतात. तिथल्या सुरुवातीच्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दोन वर्षांत दगड झाला. पण आवाका पाहा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओर्का’ प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४,००० टन. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मुंबई-दिल्ली उड्डाणाला पाच टन इंधन धरले, तर सुमारे १६ टन. म्हणजे प्रकल्पाचे अख्खे वर्ष अडीचशे उड्डाणांत संपले. मुंबई विमानतळावर दिवसाला नऊशेच्या आसपास विमानांची ये-जा असते!

म्हणून कार्बन काढून घेणे ही इंधन न बदलण्याची सबब होता कामा नये. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०३० पर्यंत ५ टक्के शाश्वत (वापरलेले तेल, शेतातला कचरा अशांपासून केलेल्या) इंधनाचे लक्ष्य आहे, ते आधी गाठावे. उरेल तेवढ्यासाठीच हा मार्ग.

आपला दख्खनही बेसॉल्टचाच. कोयनेजवळच्या विंधनात त्याची जाडी सव्वा किलोमीटरच्या घरात आढळली. तो भाग भूकंपाचा, तिथे वायू सोडण्याचा विचारही नको. शिवाय आइसलंडच्या पद्धतीत टनामागे सुमारे २५ टन पाणी लागते. मराठवाड्यात ते आणणार कुठून? तरीही राज्यात इतरत्र हा कातळ वायू धरून ठेवील का, याचा अभ्यास व्हावा आणि खर्च विमान कंपन्यांनी उचलावा.

तोवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एवढे तरी सक्तीचे करावे : किती टन उत्सर्जन प्रत्यक्ष घटवले, किती टनांची जंगल-क्रेडिट घेतली आणि किती टन खरोखर जमिनीत गाडले, हे तीन आकडे प्रत्येक कंपनीने दरवर्षी वेगवेगळे जाहीर करावेत.

– एक वाचक, सातारा