तेव्हा सायकलवरून पडलो नव्हतो

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं की मध्येच कुणीतरी येतं, म्हणून लिहितोय. आम्हाला मूल का होत नाही, त्याबद्दल आधी एवढंच वाचा: मेघनाचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. कमी आहे ती माझ्यात.

अकरावीत मला गालगुंड झालं होतं, आठवतं? आई, तू हळद-चुन्याचा लेप लावून वर मफलर बांधायचीस. गाल उतरत आले आणि पुन्हा ताप चढला. मी पाय फाकवून चालत होतो. बाबा, तुम्ही विचारलंत, "काय रे, काय झालं?" मी म्हणालो, सायकलवरून पडलो. पडलो नव्हतो. डावं वृषण पेरूएवढं सुजलं होतं, उजवंही ठणकत होतं. लाजेपायी चार रात्री उशी चावून काढल्या.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वयात आल्यावर गालगुंड झालं होतं?" वृषणावरचं आवरण चिवट असतं. आत सूज आली की पसरायला जागा नसते आणि त्या दाबाखाली बीज तयार करणाऱ्या नळ्या मरतात. सगळ्यांचं असं होत नाही, बहुतेकांना पुढे मुलं होतात. माझं डावं मात्र सुपारीएवढं राहिलंय. बाबांना हे लिहिताना हात अडतोय, पण लिहिलं.

आई, स्वतःला बोल लावत बसू नकोस. तेव्हा सांगितलं असतं तरी त्या विषाणूवर औषध नव्हतं, आजही नाही. बर्फ, लंगोटाचा आधार, दुखण्याची गोळी, विश्रांती. बस.

पहिला रिपोर्ट बघून मी हादरलोच. एका मिलीलिटरला ८ लाख शुक्राणू. निदान १ कोटी ६० लाख तरी असावेत म्हणतात. पण त्याच्या महिनाभर आधी मला डेंगी झाला होता. शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ अडीच महिने लागतात, तोवर तापाचा फटका दिसत राहतो. म्हणून डॉक्टरांनी तीन महिने थांबवलं. आता ३० लाख आलेत. कमीच, पण इक्सीला चालतील. त्यात एका स्त्रीबीजात सुईनं एकच शुक्राणू सोडतात. बाबा, हा काही नवा प्रयोग नाही. १९९२ साली, मी रांगत होतो तेव्हा, ब्रसेल्समध्ये या पद्धतीनं पहिली मुलं जन्मली.

आता मेघनाला दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन. दुखणं माझं, सुया तिला. तेव्हा आई, तिला सोमवार धरायला सांगू नकोस. तू पाठवलेलं चूर्णही कपाटात तसंच आहे, रागावू नकोस.

आणि ताईला विचारा, ओमला एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, दिलीय का. सरकारी डोस गोवर-रुबेलाचा असतो, त्यात गालगुंड नाही. ती लस खासगीत विकत घ्यावी लागते.

इंजेक्शनं पुढच्या आठवड्यात सुरू होतील. आई, आलीस तर बरं होईल. "काही आहे का" असं मात्र तिला विचारायचं नाही. येताना डिंकाचे लाडू आण, तिला तुझ्याच हातचे आवडतात.

तुमचा,
अमोल