सेक्रेटरींच्या हाती कोलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कार्बनचक्रावरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ मान्य, रंगीत चित्रही झकास. पण ‘पालापाचोळा जाळला तरी झाडाने हवेतून घेतलेलाच कार्बन हवेत परत जातो, म्हणजे हिशेब शून्य’ हे वाक्य सोडताना ते कोणाकोणाच्या हाती पडणार, याचा विचार तुमच्याकडे कोणीच केला नाही का? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सोमवारी सकाळीच त्याखाली लाल पेनने रेघ मारून कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. शेजारी तीन उद्गारचिन्हं.

आमच्या आवारात बदामाची दोन मोठी झाडं आहेत. थंडी सरत आली की पानं लालभडक होऊन नुसता सडा पडतो, आणि बदामाचं पान म्हणजे चामड्यासारखं जाड. ते लवकर कुजत नाही. म्हणून पंप रूमच्या मागे जाळी लावून मी खड्डा केला होता. वर थोडं शेण, थोडं ताक, अधूनमधून पाणी. तळाशी काळंभोर खत तयार व्हायला लागलं होतं, हातात घेतलं तर पहिल्या पावसासारखा वास. तर उंदीर होतात, डास होतात आणि ‘एंट्रीचा लूक जातो’ (खड्डा मागच्या बाजूला आहे, हे असो) म्हणून सेक्रेटरींनी एका रात्री वॉचमनला सांगून तो सगळा ढीग उपसला आणि तिथेच पेटवला. रात्रभर धुमसत होता. वरच्या मजल्यावरच्या आजी दम्याच्या. त्यांच्या सुनेने खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. जाब विचारला तर म्हणाले, “काकू, कुजलं तरी हवेतच जाणार, जाळलं तरी हवेतच. तुम्ही उगाच टेन्शन घेता.” आणि आता तुमचा लेख म्हणजे त्यांना पुरावाच मिळाला.

तो लेख अर्धवट आहे. झाडाने हवेतून घेतला होता कार्बन डायऑक्साइड. ओलसर ढीग धुमसतो तेव्हा आग नीट लागत नाही, हवा आतपर्यंत पोचत नाही, आणि बाहेर पडतो कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि बारीक काजळी. हे काही झाडाने हवेतून उचललं नव्हतं. यातला मिथेन उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जालीम आहे, आणि काजळी तर सरळ आजींच्या छातीत जाते. मग हिशेब शून्य कसा?

राहिला वेळेचा प्रश्न. बुरशी, गांडुळं, जीवाणू पानं खातात आणि त्यांच्या श्वासावाटे बराचसा कार्बन वर जातोच, हे मी नाकारत नाही. पण त्याला महिने, कधी वर्षं लागतात, आणि त्यातला एक हिस्सा मातीला धरून दशकानुदशकं खाली राहतो. जगातल्या मातीत आज जेवढा कार्बन आहे तेवढा हवा आणि सगळी झाडंझुडपं मिळूनही नाही. सेक्रेटरींनी आमच्या खड्ड्यातला कार्बन एका रात्रीत वर धाडला. मुदत ठेव मोडून पार्टी करायची आणि पैसे शेवटी बाजारातच गेले म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

लेखकमहाशयांनी खाडी तर साफ गाळलीच. आमच्यापासून मीठबंदर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ओहोटीला तिवरांखालचा चिखल जरा काठीने ढवळून बघावा. कुजक्या अंड्यांचा वास येतो. त्या चिखलात बोटभर खोलीवर प्राणवायू संपतो, मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जीवाणू कामाला लागतात, आणि त्यांचं काम इतकं सावकाश चालतं की तिवराचं पडलेलं पान, मुळं यांतला कार्बन शेकडो वर्षं तिथेच गाडलेला राहू शकतो. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर फ्लेमिंगो छापले होते. चिखलाबद्दल एक ओळ नव्हती.

आणि लेखातल्या चित्रात चुनखडीपुढे कार्बनचा बाण संपतो, तो का? माझं आजोळ अलिबागकडचं. तिकडे शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे. भाजताना शिंपल्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि तोच चुना भिजवून भिंतीला लावला की हवेतून तो हळूहळू परत घेऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीच भाजतात. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू निघतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. काँक्रीटही त्यातला थोडा परत घेतं, पण फार सावकाश आणि फार कमी. घोडबंदर रोडला उभ्या राहणाऱ्या टॉवर्सच्या पूर्ण पानभर जाहिराती त्याच अंकात होत्या, म्हणून सिमेंटचा विषय राहिला असेल, असं मी म्हणणार नाही.

लेखात एवढी जागा होती तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली आहे, साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे, हेही टाकता आलं असतं. आमच्या सेक्रेटरींना कार्बनपेक्षा तो आकडा लवकर कळतो. कृपया खुलासा छापावा, आणि पान नऊच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नको. पुरवणीतच, त्याच जागी.

जाता जाता आणखी एक. हल्ली अंक उघडला की पहिली चार पानं नुसत्या जाहिरातींची, बातमी पाचव्या पानापासून. त्यात शब्दकोड्याचं उत्तर गेले दोन रविवार छापलेलंच नाही. आडव्या ओळीतला सातवा शब्द अजून अडलाय.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
कोपरी, ठाणे (पूर्व)